स्वतःच्या बागेत हवामान मोजताना : साधने, त्यांची जागा आणि नोंदवही

गोदावरीला पूर आला की नाशिककर किती मिलिमीटर पाऊस झाला हे विचारत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आले, हे विचारतो. गुडघा, कंबर, छाती, गळा अशा खुणांनी पूर मोजण्याची ही रीत हसण्यावारी नेण्याजोगी नाही, कारण मोजमापाच्या साधनाकडून ज्या दोन गोष्टी हव्या असतात त्या ही मूर्ती चोख पुरवते : ती जागची हलत नाही आणि तिच्याकडे पाहणाऱ्या दहा जणांचे उत्तर एकच येते. मात्र ती मोजते नदीची पातळी. त्या पातळीत गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग असतो, शहरातल्या नाल्यांचे पाणी असते, आणि आपल्या शेतावर थेंब तरी पडला का, याचा तिला पत्ता नसतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. इगतपुरीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर निफाड-येवल्याकडे पाच-सहाशे मिलिमीटरांत पावसाळा आटोपतो, आणि ही सगळी उतरण मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरात घडते. वळवाचा पाऊस तर एका बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे धूळ उडत राहते. म्हणून तालुक्याचा आकडा वर्तमानपत्रात वाचून फवारणी ठरवण्यापेक्षा स्वतःच्या जागेवर मोजणे शहाणपणाचे ठरते. पुढील माहिती दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान द्राक्षबागेत काही वर्षे केलेल्या नोंदींच्या आधारे लिहिली आहे; कांदा, टोमॅटो किंवा डाळिंबाच्या शेतालाही ती तशीच लागू पडते.

साधनांवर पैसे खर्च करण्याआधी त्यांची जागा ठरवावी. योग्य जागी ठेवलेल्या स्वस्त साधनापेक्षा चुकीच्या जागी उभे केलेले महागडे यंत्र अधिक घातक असते, कारण ते चुकीचा आकडाही दशांशापर्यंत दाखवते आणि दशांश पाहिला की माणसाचा त्यावर विश्वास बसतो. खरेदीचा क्रम विचाराल तर आधी पर्जन्यमापक, मग कमाल-किमान तापमापक, त्यानंतर ओला-कोरडा तापमापक घ्यावा. बाकीची साधने या तिघांची नोंद वर्षभर न चुकता ठेवता आल्यानंतरच घ्यावीत.

पर्जन्यमापक

पर्जन्यमापक हे सर्वांत साधे साधन आहे आणि त्यातच सर्वांत जास्त चुका होतात. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीतील साधा पर्जन्यमापक फायबरचा असतो. वर कडेला धार असलेले नरसाळे, आत पाणी साठवणारी बाटली आणि सोबत मिलिमीटरच्या खुणा असलेले काचेचे मोजपात्र, एवढेच त्याचे भाग. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटर असते. हा आकडा कळला की सगळे गणित उलगडते : २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडातून जमलेले २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस, आणि १०० चौरस सेंटिमीटर असेल तर १० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. मोजपात्र फुटले आणि दुकानातून चुकून दुसऱ्या मापाचे आणले, तर पाऊस नेमका दुप्पट किंवा निम्मा भरतो. ही चूक पावसाळाभर ध्यानात येत नाही, म्हणून नवीन मोजपात्र आणल्यावर ते कोणत्या क्षेत्रफळासाठी आहे हे त्यावर छापलेले आधी वाचावे.

विकतचे साधन घ्यायचे नसेल तर घरीही बनवता येते. सरळ उभ्या भिंतीचे नरसाळे घ्यावे, त्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजावा, त्याच्या निम्म्याचा वर्ग करून त्याला ३.१४ ने गुणावे, म्हणजे क्षेत्रफळ मिळते. व्यास १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर येते आणि २० मिलिलिटरला १ मिलिमीटर हाच हिशोब चालतो. पाणी मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज पुरते. शीतपेयाची बाटली कापून त्यावर पट्टी चिकटवण्याची युक्ती अनेक जण करतात, पण त्या बाटलीचा तळ खोलगट आणि कंबर बारीक असल्याने पट्टीवरचा सेंटिमीटर हा पावसाचा सेंटिमीटर राहत नाही. तोंडापासून तळापर्यंत एकसारखा गोल असलेला डबा असेल तरच पट्टी थेट वापरावी.

आता जागा. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी समपातळीत असावी; गवंड्याची लेव्हल पट्टी दोन दिशांनी ठेवून ते तपासावे. त्याहून खाली ठेवले तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत जातात, आणि जास्त उंच ठेवले तर वारा थेंबांना तोंडावरून पुढे वाहून नेतो. भोवतालच्या कोणत्याही वस्तूपासूनचे अंतर, ती वस्तू नरसाळ्याच्या कडेपेक्षा जितकी उंच असेल त्याच्या किमान दुप्पट असावे आणि जमल्यास चौपट असावे. तीन मीटर उंचीच्या पॅकिंग शेडपासून पर्जन्यमापक किमान साडेपाच मीटर दूर हवा, आणि दोन मीटर उंचीच्या मांडवापासून साडेतीन मीटर. द्राक्षबागेत ही जागा सापडत नाही असे प्रत्येक जण सांगतो, पण ट्रॅक्टर वळवायला सोडलेली मोकळी पट्टी बहुतेक बागांत असते. तिथल्या एका कोपऱ्यात विटांचा छोटा चौथरा बांधून साधन पक्के बसवावे आणि ट्रॅक्टरवाल्याला ते दाखवून ठेवावे. पहिल्या वर्षी माझा पर्जन्यमापक लिंबाच्या झाडापासून दोन हातांवर होता. रिमझिम पावसात तो शेजाऱ्यापेक्षा कमी भरायचा आणि पाऊस थांबल्यावर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने जास्त भरायचा, त्यामुळे महिन्याची बेरीज बरोबर वाटायची आणि एकाही दिवसाचा आकडा खरा नसायचा.

शहरात गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या इमारतीत राहणाऱ्यांना गच्चीशिवाय पर्याय नसतो. गच्चीवर पाऊस मोजता येतो, मात्र साधन मध्यभागी, पाण्याच्या टाकीपासून आणि कठड्यापासून दूर ठेवावे. जोराच्या वाऱ्यात ते थोडे कमीच दाखवेल, हे गृहीत धरावे. गच्चीवर तापमान मात्र मोजू नये. तिथे कळते ते स्लॅबचे तापमान.

रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे. हवामान विभागाची नोंद याच वेळची असते, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. आज सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा काल साडेआठपासूनच्या २४ तासांचा असतो आणि तो आजच्या तारखेपुढेच लिहायचा असतो. काल दुपारी पडला म्हणून कालच्या तारखेपुढे लिहिला, तर शेजारच्या केंद्राशी तुलना करताना सगळे एक दिवस मागे-पुढे होते. मोजपात्र सपाट फळीवर ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणावा. काचेला लागून वर चढलेल्या पाण्याचा काठ सोडून मधली खोलगट पातळी वाचावी. मोजलेले पाणी लगेच ओतून टाकू नये, आधी आकडा लिहावा, पुन्हा एकदा पाहावा आणि मग ओतावे.

आकड्यांचा अर्थ लावतानाही काही ठरलेल्या रेषा आहेत. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो हवामान विभागाच्या हिशोबात पावसाचा दिवस धरला जातो. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. महसूल खात्याची अतिवृष्टी निराळी : महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. आपल्या बागेच्या दृष्टीने याहून उपयोगी रूपांतर असे, की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी.

बाटलीची क्षमताही पाहून घ्यावी. १०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाखाली दोन लिटरची बाटली असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते. निफाडला ती सहसा पुरते; त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूला आषाढात मोठी बाटली ठेवावी. दर आठवड्याला नरसाळ्याचे छिद्र तपासावे. पावसाने ओढ दिली की कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते, आणि पुढचा पहिला चांगला पाऊस नरसाळ्यातच तुंबून बाहेर सांडतो.

कमाल-किमान तापमापक

दिवसातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान आपोआप धरून ठेवणारे यू आकाराचे तापमापक अठराव्या शतकात जेम्स सिक्सने बनवले आणि आजही शेतीच्या साहित्याच्या दुकानांत तेच मिळते. त्याच्या दोन्ही नळ्यांत पाऱ्यावर एकेक बारीक सळई असते. पारा तिला पुढे ढकलतो आणि मागे येताना तिथेच सोडून येतो. वाचायचे ते सळईचे पाऱ्याकडचे टोक. किमान बाजूची मापनपट्टी उलटी असते, म्हणजे आकडे वरून खाली वाढत जातात. नवखा माणूस तिथे हमखास फसतो आणि ८ ऐवजी १२ अंश लिहून मोकळा होतो. वाचन झाल्यावर बटण दाबून किंवा सोबतच्या चुंबकाने दोन्ही सळया पाऱ्याला टेकवायच्या असतात. हे विसरले तर उद्याच्या वहीत आजचाच आकडा येतो. पाऱ्याची साधने आता जगभर मागे पडत चालली आहेत, त्यामुळे नवीन घेताना पाराविरहित किंवा डिजिटल घेतले तरी चालेल. जुने फुटले तर पारा हाताने गोळा करू नये आणि केरसुणीने झाडू नये. कडक कागदाने सरकवून झाकणाच्या बरणीत भरावा.

तापमान मोजायचे म्हणजे सावलीतल्या, वाहत्या हवेचे मोजायचे. ऊन थेट तापमापकावर पडले तर ते हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगू लागते. यासाठी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जी लाकडी पेटी सुचवली, ती वेधशाळांच्या आवारात पांढरी, चार पायांवर उभी आणि चारी बाजूंनी दुहेरी झडपांची अशी आजही दिसते. तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन करताना ऊन आत शिरत नाही, आणि आतल्या तापमापकांची उंची जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर असते. सुताराकडून ती करून घेता येते. तेवढा खर्च नको असेल तर कुंड्यांखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ-नऊ ताटल्या घ्याव्यात, वरची सोडून बाकीच्यांच्या मध्यभागी मोठे भोक पाडावे, आणि आटे पाडलेल्या तीन सळयांवर त्या उपड्या ओवून प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये पाइपचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे घालावेत. मधल्या पोकळीत डिजिटल तापमापकाचा संवेदक टांगावा. हवा खेळते, ऊन लागत नाही आणि पाऊसही आत येत नाही.

शेडच्या पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला तापमापक लावू नये, हे सांगूनही लोक तिथेच लावतात, कारण खिळा तिथे आधीच ठोकलेला असतो. एप्रिलमध्ये अशा भिंतीवरचा आकडा ४५ दाखवत असताना मोकळ्या जागेत ३९ असू शकतो.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला कमाल तापमानापेक्षा किमान तापमानाची चिंता अधिक. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा किती उतरला, ही बातमी रोज सकाळी जिल्हाभर फिरते. मण्यांना तडे जाण्याची किंवा पिंक बेरीची, म्हणजे मणी गुलाबी पडण्याची, भीती असलेले शेतकरी पहाटे ठिबक सुरू करतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात. पण कुंदेवाडीचा आकडा कुंदेवाडीचा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात फेकते, थंड झालेली जड हवा उताराने वाहत खोलगट भागात साचते, आणि ओढ्याकाठची बाग माळावरच्या बागेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड होते. शिवाय सव्वा मीटरवर ६ अंश असताना जमिनीलगत त्याहून बरेच कमी असते. म्हणून बागेचा सर्वांत खोल भाग कोणता हे एकदा शोधून ठेवावे : एकाच प्रकारची दोन किमान तापमापके आणून एक नेहमीच्या जागी आणि एक खोलगट भागात आठवडाभर लावावे. फरक एकदा कळला की पुढे नेहमीच्या वाचनातून तो वजा करून शेकोटीची वेळ ठरवता येते.

मांडवाखाली, घडांच्या उंचीवर आणखी एक तापमापक लावायला हरकत नाही. मात्र त्याचा रकाना वेगळा ठेवावा, कारण मांडवाखालची हवा ही मोकळ्या हवेहून निराळी गोष्ट आहे आणि तिची तुलना दुसऱ्या कोणत्याही केंद्राशी होत नाही.

तापमापक खरे आहे का, हे घरी तपासता येते. बर्फ बारीक कुटून स्टीलच्या पेल्यात भरावा, त्यात थोडेसे थंड पाणी घालावे, ढवळून तापमापकाचा फुगा किंवा संवेदक मध्यभागी धरावा आणि पाच मिनिटांनी वाचावे. ० अंशाऐवजी १ दिसला तर ती त्या साधनाची चूक. ती नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. उकळत्या पाण्याने तपासणी करू नये. एक तर बागेतली तापमापके तेवढ्या उष्णतेची नसतात, आणि दुसरे म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावरच्या नाशिकला पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

ओला आणि कोरडा तापमापक

डावणी म्हणजेच केवडा आणि भुरी या द्राक्षावरच्या दोन्ही बुरशीजन्य रोगांच्या बोलण्यात आर्द्रता हा शब्द सतत येतो, पण ती अंगाला जाणवणाऱ्या चिकचिकीवरून ठरवू नये. दोन सारखे तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला मलमलीचे स्वच्छ कापड गुंडाळून त्याची वात पाण्याच्या लहान बाटलीत सोडावी. वातीतून पाणी उडते, उडताना उष्णता घेते आणि ओला तापमापक खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त उतरतो. दोघांतल्या फरकावरून तक्त्यात आर्द्रता पाहतात.

तक्ता का लागतो, ते दोन उदाहरणांनी कळेल. कोरडा ३० आणि ओला २९ असेल तर आर्द्रता सुमारे ९३ टक्के येते; कोरडा १० आणि ओला ९ असेल तर फरक तोच एक अंश, पण आर्द्रता सुमारे ८७ टक्के. कोरडा ३० आणि ओला २४ म्हणजे साधारण ६० टक्के, तर मे महिन्याच्या दुपारी कोरडा ४० आणि ओला २१ असेल तेव्हा ती १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेली असते.

या साधनातली चूक नेहमी एकाच बाजूला जाते. वात वाळली, मळली किंवा तिच्यावर क्षार बसले की पाणी कमी उडते, ओला तापमापक पुरेसा उतरत नाही आणि आर्द्रता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मग नको असलेली फवारणी होते. बोअरवेलचे पाणी त्यासाठी अजिबात वापरू नये. पावसाचे गाळलेले पाणी किंवा गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी वापरावे आणि वात पंधरा दिवसांनी बदलावी. फवारणीच्या दिवसांत आठवड्याने, कारण औषधाचा थर तिच्यावरही बसतो.

डिजिटल आर्द्रतामापक सोयीचा असतो खरा, पण वर्षभरात भरकटतो. त्याच्या तपासणीची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखे करावे, पाणी वर साचू देऊ नये. ते झाकण आणि आर्द्रतामापक घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवून डबा सावलीत एक दिवस तसाच राहू द्यावा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. साधन ८१ दाखवत असेल तर ते ६ ने जास्त सांगते आहे.

रोगाच्या दृष्टीने आर्द्रतेहूनही महत्त्वाचे असते ते पान किती तास ओले राहिले. त्यासाठी पानाच्या आकाराचे विजेवर चालणारे संवेदक मिळतात, पण ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत हे काम डोळ्यांनीही होते : सकाळी दव पडलेले असेल तर मांडवाच्या मधल्या ओळीतले तेच ते एक पान पाहत राहावे आणि ते कोरडे झाले ती वेळ लिहावी. पाऊस थांबल्याची वेळ आणि पान वाळल्याची वेळ हे दोन रकाने माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा उलटून पाहिले जातात.

वारा

वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा. दिशादर्शकाचा बाण वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करतो. पश्चिमेकडून आलेला तो पश्चिमेचा वारा. दिशा पक्क्या करताना मोबाइलमधले होकायंत्र पुरेसे आहे, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. होकायंत्र वापरताना लोखंडी खांबापासून मात्र दूर उभे राहावे.

वेग मोजायला तीन वाट्यांचे फिरते वायुवेगमापक असते. वेधशाळेत ते १० मीटर उंचीवर असते. बागेत तेवढा खांब उभारण्याची गरज नाही, पण आपली उंची वहीत लिहावी. फवारणीपुरते बघायचे तर साधनाशिवायही भागते. पाने सळसळतात आणि चेहऱ्याला वारा जाणवतो तेव्हा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने व बारीक काड्या सतत हलतात आणि हलका झेंडा फडकतो तेव्हा १२ ते १९. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या पुढे. धूळ उडताना ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, चालवू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. संध्याकाळी धूर जमिनीलगत आडवा पसरून तरंगत राहतो अशी पूर्ण निवांत वेळही तितकीच वाईट, कारण बारीक तुषार खाली न बसता शेजारच्या शेतात सरकतात. विजा चमकत असताना उंच खांबाजवळ वाचनाला जाऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप त्यासाठी मोबाइलमध्ये असू द्यावे.

वायुभारमापक

हवेचा दाब मोजणारे हे साधन दिवाणखान्यात शोभते आणि त्यामुळे बरेच जण ते आधी विकत घेतात. घेतल्यावर पहिला गोंधळ असा होतो की बातम्यांत १०१० हेक्टोपास्कल सांगतात आणि आपले साधन ९४० ते ९५० च्या दरम्यान अडकलेले असते. ते बिघडलेले नाही. नाशिकच्या उंचीवर हवेचा दाब तेवढाच असतो. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. मागच्या स्क्रूने काटा हवा तर तेवढा पुढे सरकवून घ्यावा, नाहीतर स्थानिक आकडाच लिहीत जावा, पण दोन्हींची सरमिसळ करू नये.

दुसरा गोंधळ अधिक फसवा आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो : सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी दहाला पाहिले, दुपारी चारला पुन्हा पाहिले, काटा तीन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला दिसला आणि वादळ येणार म्हणून बेदाण्याची शेड झाकायला धावपळ केली, असे नवख्याचे होते. तुलना नेहमी काल याच वेळच्या आकड्याशी करावी. तशी तुलना केल्यावरही वळवाच्या पावसाचा किंवा गारपिटीचा इशारा या साधनाकडून मिळण्याची आशा फारशी धरू नये, कारण ते ढग लहान क्षेत्रावर आणि काही तासांत तयार होतात. चक्रीवादळात मात्र ते खरे बोलते. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ पुढे उत्तर महाराष्ट्राच्या दिशेने सरकले, तेव्हा काल-आजच्या आकड्यांतली उतरण नजरेत भरावी अशीच परिस्थिती होती.

बाष्पीभवन पात्र आणि स्वयंचलित केंद्र

पाण्याचे नियोजन मोजून करायचे असेल तर १२०.७ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल पात्र लाकडी चौकटीवर ठेवून त्यातले पाणी रोज किती मिलिमीटर उतरले ते पाहतात. पक्षी आणि कुत्री पाणी पितात म्हणून वर जाळी लागते, आणि पाऊस झाला असेल तर तो हिशोबात धरावा लागतो. उतरलेला आकडा ०.७ च्या आसपासच्या गुणकाने कमी करून, मग पिकाच्या अवस्थेनुसार पुन्हा गुणून पाणी ठरवतात.

स्वयंचलित केंद्र विकत घेणाऱ्यांना एकच सांगणे आहे : बसवणाऱ्या माणसाच्या सोयीने जागा ठरू देऊ नका. माझ्याकडे एका कंपनीचा माणूस आला होता, त्याने सौर पॅनेलला ऊन मिळावे म्हणून सगळे यंत्र शेडच्या पत्र्यावर बसवून दिले आणि चार महिने मी पत्र्याचे तापमान मोबाइलवर वाचत राहिलो. पावसासाठी अशा यंत्रांत एक लहान डोलणारी पळी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलंडते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. तिची तपासणी सोपी आहे. पळी ०.२ मिलिमीटरची आणि तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर ४ मिलिलिटरला एक डोलणे. २०० मिलिलिटर पाणी सलाइनच्या नळीने हळूहळू सोडावे, ५० डोलणी म्हणजे १० मिलिमीटर दिसले पाहिजेत. धो-धो पावसात पळी मागे पडते आणि कमी मोजते, त्यामुळे शेजारी साधा पर्जन्यमापक असूच द्यावा. महसूल मंडळांतील महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडेही तुलनेला उपयोगी पडतात. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हिशोब ठरवून दिलेल्या संदर्भ केंद्रावरून होतो, आपल्या वहीवरून नाही, हे आधीच समजून असावे.

नोंदवही

वही कागदाचीच ठेवावी आणि ती साधनांजवळ, प्लास्टिकच्या पिशवीत टांगावी. घरी जाऊन लिहू म्हटले की आकडे बदलतात. पहिल्या पानावर प्रत्येक साधनाची जागा, उंची, बसवल्याची तारीख आणि तपासणीत आढळलेली चूक लिहावी. साधन हलवले तर नवी तारीख टाकून रेघ मारावी, कारण त्या रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकमेकांशी जोडता येत नाहीत. सकाळी साडेआठला पाऊस, किमान तापमान, कोरडा, ओला आणि वाऱ्याची दिशा. सायंकाळी साडेपाचला कमाल तापमान. कमाल सायंकाळी न पाहता दुसऱ्या सकाळी पाहिले, तर ते आदल्या दिवसाचे असते. शेवटचा रकाना मोकळा ठेवावा : दव, धुके, गारांचा आकार, वीज, पोंगा (छाटणीनंतरचा कोवळा फुटवा) फुटला, फुलोरा सुरू झाला, असे जे दिसेल ते त्यात यावे.

पाऊस पडलाच नाही त्या दिवशी ० लिहावे, भुरभुर झाली पण मोजता आली नाही तर तसे शब्दांत लिहावे, आणि वाचन राहिले तर आकडा न टाकता तिथे नोंद नाही असे लिहावे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. लग्नकार्याला किंवा मुंबईला जाऊन तीन दिवसांनी परत आल्यावर बाटलीत साठलेले पाणी तीन भागांत वाटून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता ते सगळे परतल्याच्या तारखेपुढे लिहून, तीन दिवसांचे एकत्र, असा शेरा मारावा आणि मधल्या दोन तारखा रिकाम्या सोडाव्यात.